पात्याला पुरून उरलेली मूठ

धागा : चाकूच्या मुठीची एक साधी पट्टी पोलादी ड्रिलला बोथट का करते? या लहानशा प्रश्नाच्या उत्तरात लाख, अभ्रक, विजेचा दिवा, एक बदनाम व्यापारी करार आणि कृत्रिम हिरा असे सगळे येते. गोष्ट शंभराहून अधिक वर्षांची आहे.

आजच्या पुष्कळशा घडीच्या चाकूंच्या मुठी जी-१० नावाच्या पदार्थाच्या असतात. काचेच्या तंतूंचे विणलेले कापड, त्यात मुरवलेली इपॉक्सी राळ, आणि उष्णता व दाब देऊन एकजीव केलेला थरांचा फलक, असे त्याचे स्वरूप. घामाने तो फुगत नाही, थंडीत तडकत नाही, ओल्या हातातून निसटत नाही. मूठ म्हणून त्याच्यात खोट काढणे कठीण. मात्र त्याला भोक पाडू पाहणाऱ्या कारागिराचा अनुभव वेगळा असतो. पोलादाच्या पत्र्यात दिवसभर टिकणारे ड्रिल या पट्टीत थोड्याच भोकांनंतर निकामी होते. करवतीचे दात गोल होतात. आटे पाडणारा टॅप पहिल्या काही आट्यांतच धार गमावतो.

नवल असे की काच ही कठीण केलेल्या हायस्पीड पोलादापेक्षा मऊ आहे. विकर्स मापावर तंतूंची काच साधारण ५५० ते ६०० च्या घरात येते, तर हायस्पीड पोलाद ८०० च्या पुढे असते. मऊ वस्तू कठीण वस्तूला झिजवते, ही उलटी गंगा वाहते कशी?

त्यासाठी आधी भारतात यावे लागते.

पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेसारखा स्राव सोडतात. ती लाख वितळवून गाळली की ऊन असताना चिकट आणि थंड झाल्यावर कडक असा पदार्थ मिळतो. भारतीय तलवारीची धातूची मूठ पात्यावर बसे ती याच लाखेच्या मिश्रणाने. मूठ तापवली की पाते सुटे आणि शिकलगाराला ते काढून दुरुस्त करता येई. या लाखेचा दुसरा उपयोग अधिक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. रत्नांना पैलू पाडणारे कारागीर लाख वितळवून तिच्यात कुरुंदाची भुकटी मिसळत आणि तिचे चाक बनवत. कुरुंद म्हणजे हिऱ्याखालोखाल कठीण खनिज. त्याचे इंग्रजी नावदेखील दक्षिण भारतातील शब्दावरूनच गेले आहे. मऊ राळेने धरून ठेवलेले कठीण कण असे त्या चाकाचे सूत्र होते. कण बोथट झाला की राळ झिजे, तो गळून पडे आणि खालचा ताजा कण वर येई. धार लावणारी चाके आजही याच तत्त्वावर चालतात.

आता जी-१० कडे पुन्हा पाहावे. मऊ राळ, तिच्यात अडकलेले कठीण तंतू. तंतू तुटला की खालचा ताजा तंतू तयार. कारागीर ज्या पट्टीला कापू पाहतो ती रचनेने धार लावण्याच्या चाकाची चुलत बहीण आहे. पट्टी कापली जाते हे खरे, पण कापली जाताना ती हत्यारालाही घासून काढते.

हाच खेळ आपल्या पणजोबांच्या पिढीने कानांनी अनुभवला होता, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकडीत लाख थोडी आणि दगडाची भुकटी फार असे. कलकत्त्यात सियालदह येथे १९०८ साली ग्रामोफोन कंपनीचा कारखाना निघाला. नाट्यसंगीताच्या तबकड्या महाराष्ट्रात घरोघरी वाजू लागल्या त्या काळात पोलादी सुई दर बाजूला बदलावी, असा दंडक होता. तबकडी सुईला झिजवी. किंबहुना सुईचे टोक खाचेच्या आकाराचे व्हावे म्हणून भुकटीचे ते घासणे सोयीचेच मानले जाई. बालगंधर्वांचे एक पद ऐकायचे तर एक सुई खर्ची पडे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या लाखेची मागणी भलतीच वाढली. कारण वीज. जनित्रे आणि मोटारी यांच्या आत तांब्याच्या तारा एकमेकींपासून विलग ठेवाव्या लागत. त्यासाठी अभ्रकाचे पातळ पापुद्रे लाखेने चिकटवून त्यांचे फलक करीत; त्याला मायकॅनाइट हे नाव होते. पापुद्र्यांच्या अभ्रकाचा मोठा पुरवठा बिहारातून होई आणि लाखही भारताचीच. युरोप-अमेरिकेतील विद्युत कारखान्यांची एक नाजूक नाडी अशी छोटा नागपूरच्या जंगलांत आणि खाणींत होती.

लिओ बेकलँड हा बेल्जियममध्ये जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ न्यूयॉर्कजवळील याँकर्स येथे स्वतःच्या प्रयोगशाळेत लाखेला पर्याय शोधत होता. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र तापवले की चिकट, फसफसणारा, भांड्याला कायमचा बसणारा गोळा होतो, हे इतरांनाही ठाऊक होते. त्या उपद्रवी गोळ्याला उष्णतेबरोबर दाबही दिला तर तो सच्छिद्र न राहता घट्ट, पुन्हा न वितळणारा पदार्थ बनतो, हे बेकलँडने ताडले. १३ जुलै १९०७ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९०९ च्या फेब्रुवारीत रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत शोध जाहीर केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पेटंट मिळाले. पदार्थाचे नाव बेकेलाइट.

नुसते बेकेलाइट ठिसूळ. म्हणून त्यात लाकडाचा भुसा, अ‍ॅस्बेस्टॉस, अभ्रकाची पूड असे काहीतरी भरावे लागे. याहून चांगली युक्ती निघाली ती १९१० च्या सुमारास वेस्टिंगहाउस कंपनीत. कागद किंवा कापड राळेत भिजवायचे, थरावर थर रचायचे आणि दाबयंत्रात शिजवायचे. या फलकाला मायकार्टा म्हणू लागले. त्याच कंपनीतील डॅनियल ओकॉनर या अभियंत्याने राळ लावलेला कागद दांड्याभोवती गुंडाळून, ती नळी उभी चिरून, उलगडून सपाट दाबण्याची रीत बसवली आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये पेटंटचा अर्ज केला. मग तो आणि त्याचा सहकारी हर्बर्ट फेबर यांनी नोकरी सोडली आणि सिनसिनाटीत स्वतःची कंपनी काढली. अभ्रकाऐवजी, म्हणजे ‘फॉर मायका’, म्हणून नाव फॉर्मायका. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि उपाहारगृहाच्या टेबलावर हे नाव पुढे फार नंतर आले. जन्म मोटारीतील विजेच्या कड्यांसाठी होता.

कापडाच्या मायकार्टाने आणखी एक काम पत्करले: दातेरी चाकांचे. मोटारगाडीच्या इंजिनात पोलादी चाकाशी पोलादी चाक भिडले की खडखडाट होई. त्यांतले एक कापडी फलकाचे केले की आवाज बसे. असे दाते कापणारे कारखाने हा पदार्थ जवळून ओळखू लागले. कापूस आणि कागद मऊ, तेव्हा हायस्पीड पोलादाचे कटर निभावून जात. फक्त धातूपेक्षा लवकर धारेला लावावे लागत. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कागदाचे आणि कापडाचे फलकही निघाले. त्या धुळीची चर्चा पुढे करायचीच आहे.

येथे हायस्पीड पोलादाची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा पेच तिच्यात आहे. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी १८९८ ते १९०० या काळात बेथलहेम पोलाद कारखान्यात टंगस्टनयुक्त पोलादाला विशिष्ट रीतीने तापवून असे हत्यार घडवले, की ते तापून लाल झाले तरी कापत राही. पॅरिसच्या १९०० च्या प्रदर्शनात लोकांनी ते लेथवर प्रत्यक्ष पाहिले आणि युरोपातील अभियंते थक्क झाले. साधे कार्बनी पोलाद २५०° सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागे, हे सुमारे ६००° पर्यंत टिके. डिसेंबर १९०६ मध्ये टेलरने अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे धातू कापण्याच्या कलेवर जे अध्यक्षीय भाषण केले, ते २६ वर्षांच्या प्रयोगांवर आधारलेले होते. त्या प्रयोगांत ८ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा कीस झाला होता. निष्कर्ष साधारण असा: हत्यार किती टिकेल हे मुख्यतः कापण्याच्या वेगावर अवलंबून असते, कारण वेगाने उष्णता वाढते आणि उष्णता हत्याराला मारते.

बेकलँडचा पेटंटअर्ज या भाषणानंतर जेमतेम सात महिन्यांनी आला. टेलरचा हिशेब धातूचा होता. उष्णता हा शत्रू मानून घडवलेले हत्यार लवकरच अशा पदार्थासमोर उभे राहणार होते, जो उष्णतेने नव्हे तर घासून मारतो. राळ १३०° च्या आसपासच नरम पडू लागते, तेव्हा ६००° सोसण्याची हायस्पीड पोलादाची करामत तेथे कुणी विचारतच नाही. ज्या एका गुणासाठी ते पोलाद प्रसिद्ध झाले तोच गुण येथे निरुपयोगी. इतिहासात अशा थट्टा अधूनमधून आढळतात.

घासण्याला उत्तर देणारे हत्यार जन्मले ते मात्र विजेच्या दिव्यापोटी. दिव्याची टंगस्टनची तार ओढून बारीक करण्यासाठी भोक पाडलेले हिरे वापरीत, आणि ते महाग. जर्मनीत ओसराम कंपनीच्या संशोधन विभागात कार्ल श्रोटर याने टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टबरोबर दाबून भाजली. कार्बाइड कठीण पण ठिसूळ. कोबाल्ट मऊ पण चिवट. दोघांची मोट बांधल्यावर जे हाती आले ते हायस्पीड पोलादाच्या जवळजवळ दुप्पट कठीण होते आणि तुटतही नव्हते. पेटंटचा अर्ज मार्च १९२३ चा. क्रुप कंपनीने हक्क घेऊन १९२७ च्या लाइपझिगच्या जत्रेत ते विक्रीस मांडले. नाव दिले ‘वी डियामांट’, म्हणजे ‘हिऱ्यासारखे’. त्याचा संक्षेप विडिया.

पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूरच्या वर्कशॉपांत कार्बाइडच्या टोकाला आजही ‘विडिया’ म्हणतात. कंपनी कुठलीही असो, कारागीर विडियाच मागतो.

यापुढचा भाग फारसा सन्मानाचा नाही. क्रुप आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक यांनी १९२८ मध्ये बाजारपेठा वाटून घेणारा करार केला. अमेरिकेत कार्बाइडचा भाव, जो पौंडामागे ५० डॉलरच्या आसपास होता, तो ४५० डॉलरच्या वर नेऊन ठेवला गेला. त्या काळी सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलर होता, हे लक्षात घेतले म्हणजे हत्याराच्या टोकाची किंमत सोन्याहूनही चढी होती असे दिसते. परिणाम व्हायचा तोच झाला: लहान कारखान्यांनी जुन्या हायस्पीड पोलादावरच काम रेटले, आणि युद्ध तोंडावर आले तेव्हा या हत्याराचा वापर अमेरिकेत जर्मनीच्या मानाने मागे होता. अमेरिकी सरकारने १९४० मध्ये खटला भरला. युद्धामुळे तो लांबला. १९४८ मध्ये न्यायालयाने जनरल इलेक्ट्रिकला मक्तेदारीच्या कटाबद्दल दोषी ठरवले. कापणाऱ्या हत्यारांच्या इतिहासात रसायनशास्त्राइतकाच वाटा अशा कागदी करारांचा आहे, आणि कारागिरांच्या पाठ्यपुस्तकांत तो सहसा आढळत नाही.

दरम्यान कापसाच्या जागी काच आली. ओहायोतील ओवेन्स-इलिनॉय या बाटल्यांच्या कंपनीत १९३२ साली डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेच्या विटा एकमेकींना जोडू पाहत असताना दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडला आणि बारीक तंतूंचा फवारा उडाला. त्याचा वरिष्ठ गेम्स स्लेटर याने त्या अपघाताचे मोल ओळखले. १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी उभी राहिली. इपॉक्सी राळेचे श्रेय स्वित्झर्लंडच्या पिएर कास्तान आणि अमेरिकेच्या सिल्व्हन ग्रीनली यांच्याकडे जाते. काचेचे कापड आणि इपॉक्सी यांचा संसार १९५० च्या दशकात जमला आणि अमेरिकेतील विद्युत उत्पादकांच्या संघटनेच्या प्रतवारीत त्याला जी-१० हे नाव मिळाले. जी म्हणजे ग्लास. आग न धरणारी त्याची भावकी, एफआर-४, ही प्रत १९६८ ची.

तेव्हा कुणाच्या डोक्यात चाकू नव्हता. प्रश्न होता छापील विद्युत पट्टीचा. रेडिओ, संगणक, दळणवळण यंत्रे यांच्या पट्ट्यांत शेकडो, हजारो बारीक भोके पाडायची, आणि भोकाच्या आतल्या भिंतीवर तांबे चढवायचे. बोथट ड्रिल घासून तापते. तापले की इपॉक्सी वितळल्यासारखी होऊन भोकाच्या भिंतीवर सारवली जाते. सारवण बसले की आतल्या थरातील तांबे झाकले जाते आणि विजेची वाट बंद होते. बाहेरून पट्टी सुबक, आतून मुकी. कारखान्यांनी म्हणून सबंध टंगस्टन कार्बाइडची बारीक ड्रिले स्वीकारली, ठरावीक भोकांनंतर ती धार दिसत असली तरी बदलायची असा नियम केला, आणि पट्टीच्या खाली आधाराला दुसरा फलक ठेवला. आधाराचा तो फलक बहुधा कागदी फेनॉलिकचा असे. बेकलँडचा जुना कागद नव्या काचेच्या पायाशी उभा राहिला.

आता तो उलट्या गंगेचा उलगडा.

खेड्यातल्या जुन्या विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोराने पडलेल्या खाचा पुष्कळांनी पाहिल्या असतील. दोर दगडाहून मऊ. पण तो रोज, त्याच जागी, वाळूचे कण घेऊन घासतो. जी-१० मधील काचेचा एकेक तंतू एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका जाड असतो. ड्रिलची धार पुढे सरकताना असे असंख्य तंतू तुटतात, आणि प्रत्येक तुटके टोक धारेच्या अगदी कडेवर आदळते. धारेची ताजी कड स्वतः काही मायक्रॉनांचीच असते. तिला गोल व्हायला फार काही लागत नाही. शिवाय सगळे तंतू तुटत नाहीत. काही वाकतात, धार पुढे गेली की मागे उसळतात आणि हत्याराच्या पाठीला घासतात. कापणारी कड एकदा गोल झाली की कापणे कमी होते, दाबणे वाढते, उसळणारे तंतू वाढतात, आणि झीज आणखी वेग घेते. यात उष्णतेची भर अशी की पोलाद कापताना बरीचशी उष्णता किसाबरोबर निघून जाते, पण राळ उष्णता वाहून नेत नाही. किसाऐवजी धूळ पडते आणि ताप हत्यारातच साठतो.

कार्बाइडही यातून पूर्ण सुटत नाही. तंतू आधी कणांमधले मऊ कोबाल्ट खरवडतात. आधार गेला की कार्बाइडचा कण गळतो. म्हणजे लाखेच्या चाकातून कुरुंदाचा कण जसा गळे, अगदी तसाच. बारीक कणांचे आणि कमी कोबाल्टचे कार्बाइड या कामात अधिक टिकते ते म्हणून.

आणि टेलरचा नियम? धातूत वेग घटवला की हत्यार जगते. येथे झीज मुख्यतः धार किती अंतर घासली गेली यावर ठरते. समजा ६ मिलिमीटरचे ड्रिल ३ मिलिमीटर जाडीच्या पट्टीत चालले आहे. दर फेऱ्याला ०.०५ मिलिमीटर फीड दिले तर ६० फेऱ्यांत ते पार होते आणि धारेचे बाहेरचे टोक साधारण १.१ मीटर घासते. भीतभीत ०.०२ मिलिमीटर फीड दिले तर १५० फेरे लागतात आणि घासणे २.८ मीटरवर जाते. काळजीपोटी हळूहळू दाबणारा कारागीर आपले ड्रिल अडीच पट वेगाने मारतो! नवशिक्याला हे पटत नाही, कारण लाकूड आणि पोलाद यांनी त्याला उलटे शिकवलेले असते.

पण फीड वाटेल तेवढे वाढवताही येत नाही. ड्रिल तळाशी येते तेव्हा शेवटचे एक-दोन थर कापले जाण्याऐवजी ढकलले जातात आणि सुटतात. भोकाभोवती पांढरट टक्कल दिसते. किती दाबाला थर सुटतील याचे गणित होचेंग आणि धरण या संशोधकांनी १९९० मध्ये मांडले: खाली उरलेली जाडी जितकी कमी, तितका सोसण्याजोगा दाब कमी. धारदार हत्याराला दाब कमी लागतो, म्हणून धार राखणे हाच थर राखण्याचाही उपाय. आणि तळाला लाकूड किंवा फेनॉलिकचा तुकडा घट्ट आवळला की शेवटच्या थराला मागे सरायला जागाच उरत नाही. विद्युत पट्टीच्या कारखान्यांनी काढलेली हीच युक्ती चाकू करणाऱ्यांच्या हाती आली.

चाकूंकडे हे पदार्थ टप्प्याटप्प्याने वळले. अमेरिकेतील बॉब लव्हलेस या नामांकित चाकूकाराने मायकार्टाच्या मुठींना प्रतिष्ठा मिळवून दिली; कापडी मायकार्टा घासल्यावर त्याची वीण जी लाकडाच्या रेषांसारखी उमटते, ती शिकाऱ्यांना आवडली. १९९० च्या दशकात घडीच्या चाकूंवर जी-१० रुळले, आणि त्यामागून कार्बन तंतूंचे फलक आले. कार्बन तंतू काचेहूनही अधिक छळतो. त्याची धूळ वीज वाहते, तेव्हा ती यंत्राच्या विद्युत पेटीत शिरली तर हत्याराबरोबर यंत्रही जाते.

हिरा या कथेत आला तो असा. अमेरिकेत स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्याच प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये ट्रेसी हॉल याने प्रचंड दाब व तापमानाखाली कृत्रिम हिऱ्याचे कण मिळवले. १९७० च्या दशकाच्या आरंभी असे कण एकमेकांत भाजून कार्बाइडच्या पाठीवर त्यांचा थर चढवता येऊ लागला. या बहुकणी हिऱ्याच्या धारेपुढे काचतंतूंची मात्रा फारशी चालत नाही. विमानांचे भाग कापणारे कारखाने ती वापरतात. आठवड्याला चार चाकू करणाऱ्याला ती परवडत नाही, आणि गरजही नसते. त्याला कार्बाइडची दोन-तीन ड्रिले, हिऱ्याची भुकटी चढवलेले एखादे घासणीचे टोक, ताजे घासपट्टे आणि पाणी एवढे पुरते. टॅपच्या बाबतीत शहाणे कारागीर मूठीत आटे पाडायच्या भानगडीतच पडत नाहीत. आटे पोलादी अस्तरात किंवा पितळी नळीत घेतात.

पाणी केवळ थंडाव्यासाठी नव्हे. धूळ बसवण्यासाठी. हत्याराची झीज डोळ्यांना दिसते, फुप्फुसाची दिसत नाही. कापडी काचतंतू जाड असल्याने ते आख्खे फुप्फुसाच्या खोल भागात सहसा पोहोचत नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये अखंड काचतंतूंना कर्करोगकारकांच्या यादीत घातले नाही. पण त्वचा, डोळे, घसा यांना ते सतावतात, आणि घासताना उडणारी राळेची बारीक पूड ही निराळी बाब आहे. जुन्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या फलकांना तर कोणतीच सूट नाही. जुन्या मालाच्या बाजारात मिळालेला ओळख नसलेला फलक केवळ हौसेने कापू नये, याचे कारण हे.

उलट बाजूनेही संकट होते. १९४० साली जर्मनीतील कार्बाइड कारखान्याच्या कामगारांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत डाग आढळल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे या विकाराला कठीण धातूचा फुप्फुसरोग हे नाव पडले आणि संशयाची सुई कोबाल्टच्या धुळीवर स्थिरावली. विडियाला कोरडी धार लावणाऱ्या माणसांनाही तो गाठू शकतो. चिवटपणासाठी श्रोटरने ज्या धातूची मोट बांधली होती, तोच श्वासातून आत जात होता.

पुण्यात १९६० मध्ये सँडविक एशिया ही कंपनी स्थापन झाली आणि कार्बाइडची हत्यारे इकडच्या कारखानदारीत नित्याची झाली. फेनॉलिक फलकालाही इकडच्या कारागिरांचे आपले नाव आहे: ‘हायलम’. तेही एका कंपनीच्या मालाचेच नाव. विडियासारखेच ते सामान्यनाम होऊन बसले. पट्टीला भोक पाडताना खाली ठेवायला हायलमचा उरलेला तुकडा उत्तम. बोथट विडिया कुणी फेकत नाही; भंगारातही तो किलोवर चांगल्या भावाने जातो. पुन्हा धार लावायची झाली तर साधे चाक त्याच्यापुढे टिकत नाही, हिऱ्याचे लागते. आणि त्या चाकात हिऱ्याचे कण घट्ट धरून ठेवायला १९३० च्या दशकापासून वापरली जाते ती बेकलँडच्याच जातीची फेनॉलिक राळ.